खोली चौघांची, कॉट एकाची: लातूरमधल्या एका भाडेकराराचं प्रकरण

10 मे 2023. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा होऊन तीन दिवस झाले होते. दुपारी एक मुलगा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. हातात चार घड्या घातलेली झेरॉक्स. "ताई, हे तुमच्याकडंच टाइप केलेलं आहे का?" मी कागद उलगडला. शंभरच्या बॉण्डवर नोटरी केलेला भाडेकरार होता आणि मागच्या बाजूला माझ्याच दुकानाचा शिक्का होता.

नोंदणी कार्यालयाजवळ माझं छोटं दुकान आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, ऑनलाइन दस्तनोंदणी हे माझं रोजचं काम. मी वकील नाही. पण लातुरात हे काम करणाऱ्याच्या टेबलावर जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत क्लाससाठी खोली घेणारी सोळा-सतरा वर्षांची लेकरं रांगेनं येतात. अकरावी-बारावीची, आणि बारावी होऊन पुन्हा नीट देणारी, ज्यांना इथे सगळे 'रिपीटर' म्हणतात. या एका मुलाचं प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण त्यातली पहिली चूक माझ्या टेबलावर झाली. कोणाचं नाव-गाव देत नाही.

मालक त्याच्याकडे 3,750 रुपये मागत होते. अनामत म्हणून दिलेले 5,000 त्यात आधीच वळते झालेले. आणि हे पैसे आल्याशिवाय बारावीचं मूळ गुणपत्रक परत मिळणार नव्हतं. "ठेवायला सुरक्षित" म्हणून ते घरमालकीण काकूंनी पहिल्याच दिवशी आपल्या कपाटात ठेवून घेतलं होतं. प्रवेशाच्या वेळी तेच लागणार होतं. वडिलांना त्यानं अजून काही सांगितलं नव्हतं.

घर

ट्यूशन एरियाच्या मागच्या एका गल्लीत दुमजली घर. खाली मालक आणि काकू, वर तीन खोल्या आणि अकरा मुलं. बाथरूम दोन. याची खोली साधारण दहा बाय बाराची, चार लोखंडी कॉट, भिंतीत चार फडताळं. टेबल ठेवायला जागा नाही, त्यामुळे अभ्यास कॉटवर किंवा कोपऱ्यावरच्या अभ्यासिकेत. गेटच्या आतल्या बाजूला खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याखाली ऑइलपेंटनं आकडा. डबेवाला सकाळी आणि संध्याकाळी येऊन पिशव्या त्या आकड्यांवर अडकवून जायचा. याचा आकडा सात.

तो नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातला. वडिलांची साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. जुलै 2022ची नीट मनासारखी गेली नाही म्हणून एक वर्ष पुन्हा प्रयत्न करायचं ठरलं आणि ऑगस्टमध्ये बापलेक लातूरला आले. तेव्हा तो साडेसतरा वर्षांचा होता.

मालकांनी आपला जुना नमुना माझ्याकडे दिला आणि मी नावं बदलून टाइप केलं. खोलीचं भाडं महिना 10,000, राहणारे चौघे, मुदत 11 महिने, अनामत प्रत्येकी 5,000, सोडताना महिनाभर आधी सांगायचं. बोलताना सगळे 'कॉट अडीच हजार' म्हणत होते. कागदावर मात्र कॉट हा शब्दच नव्हता. 'वरील चौघे मिळून दरमहा रुपये 10,000 देतील,' असं वाक्य होतं. सह्या चार मुलांच्या, त्यातली तिघं अठराच्या आतली. वडिलांनी सही केली ती साक्षीदार म्हणून.

हे मी पुन्हा सांगते, कारण सगळं प्रकरण या दोन गोष्टींवर उभं आहे. भाडं खोलीचं लिहिलं, कॉटचं नाही. आणि पैसे देणारा बाप कराराचा पक्ष नव्हता, नुसता साक्षीदार होता.

दिवाळीनंतर

दिवाळीला चौघं गावी गेली. परत आली तिघं. चौथ्यानं फोनवर कळवलं, मी घरूनच अभ्यास करणार. त्याची वळकटीही न्यायला कोणी आलं नाही, महिनाभर ती कॉटवर तशीच होती. नोव्हेंबरच्या 2 तारखेला मालकांनी तिघांना खाली बोलावून सांगितलं: कागदावर खोली 10,000ची आहे, आता तिघांत वाटून घ्या, 3,300 प्रत्येकी. वरचे शंभर त्यांनी सोडले.

बाकीचे दोघं चुलतभाऊ. त्यांच्या घरून पैसे आले. यानं घरी फोन केला नाही. त्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं होतं, आणि दिवाळीत घरी त्याच्यासमोरच वडील ओल्या शेंगा फोडून बघत बसलेले त्यानं पाहिले होते.

मग त्यानं डबा एक वेळेचा केला. दोन वेळेचे 2,800 होते, एक वेळेचे 1,500. सकाळच्या डब्यात चार पोळ्या, भाजी, वरण, भात. वरण-भात आणि दोन पोळ्या दुपारी, उरलेल्या दोन पोळ्या आणि भाजी रात्री. अभ्यासिकेतून अकराला यायचा तोवर पोळ्या वाळलेल्या असायच्या, त्या तो पाण्याचा हात लावून मऊ करायचा. हे त्यानं मला सहज सांगितलं, गणिताची पायरी सांगावी तसं. नोव्हेंबरचे 3,300 त्यानं असे भरले. महिनाअखेरीस चार दिवस ताप आला, तेव्हा डबा पुन्हा दोन वेळेचा केला आणि डिसेंबरपासून फक्त 2,500 देऊ लागला. महिन्याला 800 थकू लागले. शिवाय नोव्हेंबर ते जानेवारीच्या लाइट बिलाचे तिसऱ्या हिश्श्यानं 650.

लाइट बिलाची गोष्ट दर वर्षी दहा घरांत भांडण लावते, म्हणून थोडं थांबते. घरगुती मीटरला महावितरणचा दर टप्प्यानं चढतो: पहिली 100 युनिट स्वस्त, पुढे 300 पर्यंत महाग, मग 500, मग त्याहून वर. अकरा मुलं आणि मालक एकाच मुख्य मीटरवर असले की घराचं बिल वरच्या टप्प्यात जातं. मालक प्रत्येक खोलीला सबमीटर लावतात आणि वरच्या टप्प्याचा दर सगळ्या युनिटांना लावतात. मुलाला घरचं बिल माहीत असतं, तिथला दर माहीत असतो, त्याला वाटतं आपल्याला लुटलं. खरं दोघांच्या मधे असतं. मुख्य बिलाची झेरॉक्स जिन्यात चिकटवली तर निम्मी भांडणं तिथेच संपतील, असं मला वाटतं.

27 जानेवारी 2023ला तो 18 वर्षांचा झाला. 29 तारखेला मालकांनी त्याला वहीच्या पानावर सही करायला लावली. 'माझ्याकडे मागील बाकी रु. 2,250 असून ती मला मान्य आहे. पुढे जूनअखेरपर्यंत दरमहा 3,300 देईन.' आधार कार्डावरची जन्मतारीख त्यांच्याकडे होतीच. ते दोन दिवस वाट पाहत होते असं मी म्हणणार नाही, मला त्यांच्या मनातलं माहीत नाही. पण कोणीतरी त्यांना सांगितलं असणार की अठराच्या आतली सही चालत नाही.

मेमधला हिशोब असा निघाला: त्या पानावरचे 2,250, फेब्रुवारी ते मे चार महिन्यांचे 800 प्रमाणे 3,200, आणि जूनचे 3,300. एकूण 8,750. वजा अनामत 5,000. राहिले 3,750.

कायदा कुठवर साथ देतो

1872च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अज्ञान, म्हणजे अजून सज्ञान न झालेली, व्यक्ती करार करायला पात्र नाही. सज्ञान होण्याचं वय 1875च्या कायद्यानं 18. अज्ञान मुलाचा करार फक्त कच्चा की मुळातच नाही, याचा निकाल 1903 साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयानं, मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या कलकत्त्याच्या खटल्यात दिला. अज्ञान असताना एकानं मालमत्ता गहाण टाकून कर्ज घेतलं होतं. गहाणखत मुळातच शून्य ठरलं आणि सावकाराचे पैसेही बुडाले. जो करार जन्मलाच नाही त्याला सज्ञान झाल्यावर 'मान्य आहे' म्हणून जिवंत करता येत नाही, हेही आपल्या न्यायालयांनी ठरवलेलं आहे. म्हणजे वहीच्या पानावरच्या जुन्या बाकीच्या 2,250 ला त्या सहीनं बळ येत नव्हतं.

पण 'मग मुलगा फुकट राहिला तरी चालेल' असा अर्थ कोणी काढू नये. त्याच कायद्याच्या कलम 68 मध्ये आहे की अज्ञान व्यक्तीला तिच्या राहणीमानाला साजेशा गरजेच्या गोष्टी पुरवल्या तर पुरवणाऱ्याला तिच्या मालमत्तेतून भरपाई मिळू शकते. शिकणाऱ्या मुलाला डोक्यावर छप्पर ही गरजच आहे. ज्या कॉटवर तो झोपला तिचं भाडं देणं योग्यच होतं, आणि ते त्यानं एकही महिना न चुकवता दिलं होतं. शेजारच्या रिकाम्या कॉटची मात्र त्याला गरज नव्हती.

फेब्रुवारीपासून पुढचा प्रश्न खरा होता. तेव्हा तो सज्ञान होता, राहतही होता, आणि 3,300 लिहिलेल्या कागदावर त्याची सही होती. एखादा वकील त्यावर मालकाची बाजू मांडू शकला असता. हे मी त्याला लपवलं नाही. दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि ती टाळली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोंदणी नसेल तर राहणारा ज्या अटी सांगतो त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, धरल्या जातात. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. बॉण्डवर गोल शिक्का दिसला की लोकांना सगळं पक्कं झालं असं वाटतं. इतकी वर्षं मीही तो समज चालू दिला, कारण दोघांनाही घाई असते आणि नोटरी स्वस्त पडते.

आणि मुलाच्या फोनमध्ये फेब्रुवारी ते मे चारही महिन्यांचे 2,500 पाठवल्यावर मालकांनी लिहिलेले मेसेज होते: 'भाडे मिळाले.' बाकी राहिली असं एकदाही लिहिलेलं नव्हतं.

गुणपत्रकाबद्दल कायद्याची पानं उलटायची गरजच नव्हती. ते मुलाचं आहे. भाड्यापोटी अडकवून ठेवायची ती वस्तू नव्हे.

बैठक

मी त्याला एकच अट घातली: वडिलांना आत्ता, माझ्यासमोर फोन कर. तो दहा मिनिटं बाहेर पिंपळाच्या पारावर बसून राहिला. मग फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वडील आले. मुलावर रागावले नाहीत. मलाच म्हणाले, "लेकरानं सांगितलंच नाही बघा ताई. मला काय माहीत ओ."

कराराचा पक्ष आणि साक्षीदार यातला फरक त्यांना कसा सांगावा याचा मी विचार करत होते. त्यांच्या पिशवीत पीकविम्यासाठी काढलेला सातबारा होता. मी विचारलं, तुमचे वडील गेले तेव्हा तुम्ही लहान होता का? हो म्हणाले, बारा वर्षांचा. मग सातबाऱ्यावर तुमच्या नावापुढे काय लागलं होतं? ते लगेच म्हणाले, "अ.पा.क. आई." अज्ञान पालनकर्ता आई. मी म्हटलं, तसंच इथे हवं होतं. मुलगा राहणार, पण त्याच्या वतीनं करार तुम्ही करणार. तुमची सही साक्षीदाराच्या रकान्यात गेली आणि लेकरू एकटं मालकासमोर उभं राहिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन आपली सही बराच वेळ पाहिली.

संध्याकाळी आम्ही तिघं मालकांकडे गेलो. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग होता, तो तिथे थोडा उतरला. निवृत्त माणूस. वरचा मजला कर्ज काढून बांधलेला. "मॅडम, 2020च्या मार्चमध्ये सगळी पोरं एका आठवड्यात गेली. वर्षभर वर कोणी नव्हतं. बँकेनं हप्ता माफ केला का मला?" याला उत्तर नव्हतं. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या वर्षीही या शहरातल्या खोलीवाल्यांनी असेच दिवस काढले. रिकाम्या कॉटची भीती खरी आहे. पण ती भीती मालकाच्या धंद्यातली आहे. तिचा भार खोलीत मागे राहिलेल्या पोरावर टाकता येत नाही, एवढंच मी त्यांना म्हटलं. निघून गेलेल्या मुलाची अनामत त्यांच्याकडेच होती, आणि ती या हिशोबात कुठेच नव्हती. हे बोलल्यावर ते गप्प झाले.

मग एकेक ओळ घेतली. रिकाम्या कॉटचे सगळे 800 वजा. जूनचं भाडं ते मागत होते, पण महिनाभर आधी न सांगितल्याबद्दल आमचीही बाजू लंगडी होती. मी मुलाला ते समोरच सांगितलं. विचारल्यावर त्यांनी मान्य केलं की जूनमध्ये खोलीला रंग द्यायचा आहे आणि त्या महिन्यात ती तशीही भाड्यानं जाणार नव्हती. रंगाचे 500 कापायचं ठरलं. लाइटचे 650 तिसऱ्या हिश्श्यानं होते, चौथ्या हिश्श्यानं 490 धरले. म्हणजे अनामतीच्या 5,000 मधून 990 वजा जाता 4,010 परत.

मालक म्हणाले, चार हजार देतो, मिटवून टाकू. वडिलांनी हात जोडले, "मिटलं साहेब." मीही मान हलवली.

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. "काका, नोव्हेंबरचे 800 मी भरलेले आहेत. ते माझ्या डब्याचे होते."

वडिलांना कळेना. त्यानं सांगितलं. सात नंबरच्या खिळ्यावर त्या महिन्यात संध्याकाळची पिशवी नव्हती. वडील जमिनीकडे बघत राहिले. काकू दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं गुणपत्रक आणून त्यांनी मुलाच्या हातात दिलं. मालकांकडे बघून म्हणाल्या, "आठशे द्या त्याचे." 4,800 मिळाले. वहीचं पान मालकांनीच फाडलं.

नंतर काय बदललं

त्याच महिन्यात मी माझ्या संगणकातला तो जुना नमुना पुसून टाकला. आता अठराच्या आतल्या मुलाचा कागद आला की मी आई किंवा वडिलांना करारदार करते आणि आत लिहिते की खोलीत त्यांचा अमुक मुलगा किंवा मुलगी राहील. भाडं कॉटचं, आणि एक ओळ जास्त: 'शेजारील कॉट रिकामी झाल्यास तिच्या भाड्याची जबाबदारी या करारदारावर नाही.' मूळ कागदपत्रं मालकाकडे ठेवायची नाहीत, झेरॉक्स द्यायची. आणि मसुदा मी मुलासमोर मोठ्यानं वाचते. वडील एक दिवस येऊन परत जातात. 'चौघे मिळून' या दोन शब्दांचा अर्थ रात्री अकराला ज्याला कळतो तो मुलगाच असतो.

नोंदणी करा म्हटलं की मालक खर्चाचं कारण सांगतात, म्हणून मी आकडा आधीच मांडते. 11 महिन्यांच्या 2,500च्या कॉटला मुद्रांक शुल्क 0.25 टक्क्यानं शंभराच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, ग्रामीण भागात 500, वर ऑनलाइन हाताळणीचा थोडा खर्च. आधार आणि अंगठा लावून माझ्या टेबलावरच काम होतं. दोघांत वाटलं तर डब्याच्या आठ-दहा दिवसांचे पैसे. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना स्वाधार योजनेत राहण्या-जेवणाचे पैसे बँकेत येतात, आणि तिथेही आपण भाड्यानं राहतो हे दाखवावं लागतं. त्या मुलांना तर व्यवस्थित कागदाचा दुहेरी उपयोग आहे. तरीही निम्मे लोक अजून नोटरीच मागतात. मी करून देते, पण कॉटची ओळ त्यातही घालते.

ऑगस्टमध्ये तेच मालक माझ्याकडे आले. बरोबर औशाकडचे एक गृहस्थ आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी होती. वरचा मजला आता मुलींना द्यायचा होता. मी वडिलांचं नाव करारदार म्हणून घातलं आणि मुलीला विचारलं, तुझी कॉट कोणती? ती मालकांकडे बघू लागली. ते म्हणाले, "खिडकीजवळची लिहा. तीन नंबर."

मी लिहिलं: कॉट क्रमांक 3, खिडकीलगत, दरमहा रुपये 2,700.